‘बरा झाला’ म्हणजे काय?

आमचे घर घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या डोंगरावर आहे. मेट्रोने अंधेरीकडे जाणाऱ्या मंडळींनी हा डोंगर पाहिला असेल. २०१७ साली काही उत्साही लोकांनी इथल्या घरांच्या भिंती निळ्या-पिवळ्या-गुलाबी रंगवल्या आणि तेव्हापासून पुष्कळजण त्यांचे फोटो काढतात. फोटोत रंग येतात, पायऱ्या मोजता येत नाहीत. रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत ११४ पायऱ्या आहेत. लहानपणी मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. मोजाव्या लागल्या त्या २०२१ च्या पावसाळ्यात, आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. साकीनाक्याला एका लहानशा वर्कशॉपमध्ये ते लेथ चालवीत. २०१८ साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला, एक स्टेंट बसला, आणि दोन महिन्यांनी ते पुन्हा मशीनवर उभे राहिले. डोंगर चढताना मध्ये एकदा थांबत, एवढाच काय तो फरक. मग २०२१ चा एप्रिल उजाडला. माझी दहावीची परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली आणि खोटे कशाला सांगू, एक संध्याकाळभर मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी आप्पांना ताप भरला. नऊ दिवस ते ऑक्सिजनवर होते. दहाव्या दिवशी ‘रुग्ण बरा झाला’ असा कागद घेऊन घरी आले. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईने दृष्ट काढली.

त्या कागदाशी माझे भांडण आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

कारण आप्पा बरे झाले नव्हते. तिसाव्या पायरीला थांबत, मग पन्नासाव्या, मग नळाजवळच्या कट्ट्यावर दहा मिनिटे बसून राहत. एखाद्या दिवशी जरा बरे वाटले म्हणून रेशन वर आणले, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. आणखी एक गोष्ट झाली, तिची मला जास्त भीती वाटली. ज्या माणसाला मायक्रोमीटरवरचा आकडा चष्म्याशिवाय वाचता येई, तो आकडा वाचून मशीनपर्यंत जाताजाता विसरू लागला. एक जॉब बिघडला, मग दुसरा. शेठ म्हणाले, “रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे, मग अडचण काय आहे?” डॉक्टर म्हणाले, “हार्ट जुनंच आहे तुमचं. ते चालायचंच. मनावर घेऊ नका.”

शेठजींवर मी फार रागावत नाही. वर्कशॉपमध्ये माणसे सात. कर्मचारी राज्य विमा योजना लागू व्हायला दहा कामगार लागतात. म्हणजे आजारपणाची रजा, भत्ता वगैरे शब्द आमच्याकडे येण्याआधीच तीन माणसांनी अडले! पण डॉक्टरांच्या त्या वाक्याने मला विचारात पाडले. ते पूर्ण खोटे नव्हते, हीच खरी पंचाईत होती.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा वैद्यकशास्त्रातले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल तर ते बरोबरच आहे. तरीही ग्रंथालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचले ते सांगते. या आजाराला ‘लाँग कोविड’ हे नाव कोणा डॉक्टरने दिलेले नाही. एलिसा पेरेगो नावाच्या एका इटालियन पुरातत्त्व-अभ्यासक बाईंनी, स्वतः रुग्ण असताना, मे २०२० मध्ये ते वापरले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली ऑक्टोबर २०२१ मध्ये. सामान्यतः आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या सुमारास दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडत नाहीत अशी लक्षणे, असे त्या व्याख्येत म्हटले आहे. थकवा, धाप, विचारांत गोंधळ ही त्यांतली नेहमीची.

२०२३ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ४१ अभ्यासांचा एकत्र धांडोळा प्रसिद्ध झाला. साडेआठ लाखांवर रुग्णांची माहिती त्यात आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसांत लाँग कोविडचा संभव इतरांपेक्षा सव्वापटीहून थोडा अधिक आढळला. स्त्रियांत तो दीडपटीहून अधिक. हा दुसरा आकडा वाचला आणि मी मान वर करून आईकडे पाहिले. आप्पांच्या पाठोपाठ तिलाही ताप आला होता. तिची तपासणी कोणी केली नाही, कारण डबा करायला तीच होती. ती हल्ली दुपारी भांडी तशीच ठेवून आडवी होते आणि आम्ही म्हणतो, वय झाले. तिचे वय ४३ आहे.

आता डॉक्टरांच्या वाक्याकडे परत येते. हृदयविकार असणाऱ्याला हा आजार जडण्याचा धोका जास्त. आणि व्याख्या म्हणते, लक्षणांचे दुसरे कारण असता कामा नये. म्हणजे ज्याला धोका जास्त, त्याच्याच धापेला दुसरे कारण आधीपासून तयार! जुने दुखणे नव्याला पाठीशी घालते. कोणी म्हणेल, धाप हृदयाची असो वा कोविडची, फरक काय पडतो? पुष्कळ पडतो. हृदयाची असेल तर स्टेंट पुन्हा अरुंद झाला का, पंपाची ताकद घटली का, हे आधी पाहिलेच पाहिजे. ‘कोविडनंतरचे आहे, जाईल’ म्हणून घरी बसणे जिवावर बेतेल. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात कोविड होऊन गेलेल्यांना पुढच्या वर्षभरात हृदय निकामी होण्याचा आणि झटक्याचा धोका वाढलेला दिसला होता. तेव्हा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. पण हृदयाची तपासणी ठीक निघाली, तर ‘काही नाही’ म्हणून माणसाला पुन्हा आठ तास मशीनपुढे उभे करणे हाही अन्यायच.

आप्पांचा ईसीजी काढला तो त्यांना निजवून. इकोही निजवूनच. निजलेल्या माणसाला धाप कशी लागेल? सहा मिनिटे चालायला लावून किती अंतर गेले, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन किती उतरला हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. तिला एक लांब व्हरांडा, एक घड्याळ आणि ते छोटे यंत्र एवढेच लागते. आप्पांची ती झाली डिसेंबर २०२२ मध्ये, दुसऱ्याच एका दवाखान्यात, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले म्हणून. त्यांनी विचारले काय, तर “घरी जिना आहे का?” आप्पा हसले. म्हणाले, “जिना नाय बाई, डोंगर हाये.”

लसीविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर आमच्या चाळीतले लोक मला सोडणार नाहीत. कोणी तरुण माणूस अचानक गेला की मोबाईलवर संदेश फिरतो, ‘लसीनेच हार्ट बंद पडते’. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अशा अचानक मृत्यूंचा देशातल्या ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागलेले, घराण्यात असा मृत्यू झालेला, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत अति मद्यपान किंवा अति श्रम केलेले, अशांत धोका वाढलेला दिसला. आणि वर सांगितलेल्या ४१ अभ्यासांच्या आढाव्यात लसीचे दोन डोस घेतलेल्यांना लाँग कोविडचा संभव बराच कमी होता. आप्पांना त्या एप्रिलमध्ये डोस मिळाला नव्हता. गर्दीत कशाला जायचे, म्हणून त्यांना थांबवणारी मीच होते. हे घरात अजून कोणी मला बोलून दाखवलेले नाही.

आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना दरवर्षी दत्तक गावात शिबिर घेते, झाडे लावते. चांगलेच आहे. पण माझी प्राध्यापक मंडळींना विनंती आहे की एक वर्ष शिबिर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावे. असल्फा, भटवाडी, कुठलीही टेकडी चालेल. पन्नास विद्यार्थ्यांनी दारोदार तीनच प्रश्न विचारावेत: घरात हृदयविकार कोणाला आहे, त्याला कोरोना झाला होता का, आणि त्यानंतर तो वर चढताना कितीदा थांबतो. उपचार आपले काम नव्हे. पण नावांची यादी घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जाता येईल, आणि ‘यांना चालवून बघा’ एवढे सांगता येईल. पायऱ्या मोजायला मी येईन.

आप्पा आता लेथवर नाहीत. त्याच गल्लीतल्या एका दुकानात बसून ते नट-बोल्ट निवडतात, पगार निम्म्याहून कमी. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे थकायच्या आधी थांबतात. परवा संध्याकाळी मी कॉलेजातून येत होते तेव्हा ते कट्ट्यावर बसलेले दिसले. मीही शेजारी बसले. खाली कोणीतरी रंगीत भिंतीपुढे उभे राहून फोटो काढीत होते. आप्पा म्हणाले, “साठ झाल्या. चल, चोपन्न राहिल्या.”