गोठा आणि महापूर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूरला वेढा घातला, तेव्हा पाणी उंबऱ्याशी येईपर्यंत कित्येक शेतकऱ्यांनी घर सोडले नाही. गोठ्यातील म्हैस नावेत बसत नाही, हे त्याचे एक साधे कारण. याला हट्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु जिच्या दुधावर संसार चालतो तिला दाव्याला बांधून जाणे म्हणजे उद्याची भाकरीच मागे टाकून जाणे होय.

२००५ साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सनेही हेच पाहिले. निवारा केंद्रांत कुत्र्या-मांजरांना मज्जाव असल्याने अनेकांनी बुडते घर सोडण्यास नकार दिला. अमेरिकन काँग्रेसने धडा घेतला आणि २००६ मध्ये कायदा करून आपत्ती-योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार अंतर्भूत केला. प्राण्यांची सुटका हा माणसांच्या सुटकेचाच भाग ठरला.

आपल्याकडे दुष्काळात चारा छावण्या उघडण्याची रीत रुळली आहे. पुरातील छावणी मात्र पाणी चढल्यावर सुचते. दगावलेल्या दुभत्या जनावरामागे शासन मदत देते, तीही ठरावीक संख्येपुरती. त्यापेक्षा पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस, नदीकाठच्या प्रत्येक गावासाठी उंचावरची जागा, तेथे सुका चारा आणि वाटा बुडण्याआधीच जनावरे हलविण्याचा आदेश, एवढे तरी व्हावयास हवे.

जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा आलीच. पुढच्या वेळी तिच्याआधी गोठ्यापाशी कोण पोहोचणार, एवढाच प्रश्न आहे.