काळ्या रंगाची चमक कुणी काढून घेतली?

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात 'काळी-पिवळी' म्हटले की मुंबईची टॅक्सी कुणाला आठवत नाही. आठवते ती ट्रॅक्स, कमांडर नाहीतर मार्शल. आत माणसे कोंबलेली, टपावर पोती, मागे दोघे लटकलेले. वऱ्हाडातल्या एका पिढीचे मोटारीशी नाते या गाड्यांनी जुळवले. आता त्या थकल्या, बऱ्याच भंगारात गेल्या. ज्यांच्या वाड्यात किंवा गोठ्याच्या आडोशाला एखादी जुनी जीप, एखादी पद्मिनी उरली आहे, त्यांना ती पुन्हा उभी करावीशी वाटू लागली आहे. चांगलेच आहे. पण पेंटरकडे गेलेली गाडी परत येते ती बॉनेट, जाळी, बंपर, चाके, कधी टपसुद्धा मॅट काळे करून. विचारले तर उत्तर ठरलेले : 'क्लासिक लुक'.

हा लुक क्लासिक कधीपासून झाला?

मोटारीच्या इतिहासात काळा रंग जुना आहे, पण तो चमकणारा. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघे आणि तो काळा डांबराच्या जातीच्या घटकांपासून केलेला, भट्टीत वाळवलेला, लकाकणारा होता. पुढे १९२०च्या दशकात ड्यूपाँट कंपनीचा 'ड्यूको' आला. लवकर वाळणारा, हव्या त्या छटेत मिळणारा. आपल्याकडे त्या नावाचा इतका दबदबा झाला की रंग कुठल्याही कंपनीचा असो, गॅरेजात तो 'डुको'च. त्या काळात गाडीवरचा रंग निस्तेज दिसणे म्हणजे मालकाची अब्रू जाणे.

चमक मुद्दाम मारायला शिकवले युद्धाने. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपवर निस्तेज ऑलिव्ह हिरवा फासला तो शत्रूच्या विमानाला पत्र्याची चकाकी दिसू नये म्हणून. चकचकीत ॲल्युमिनियमच्या विमानांना वैमानिकासमोरच्या नाकाडावर निस्तेज गडद पट्टा दिला तो त्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. शांततेच्या काळात हीच गोष्ट कायद्यात आली. अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून वायपरचे दांडे, हॉर्नची कडी, आरशाची चौकट अशा चालकाच्या नजरेसमोरच्या धातूच्या भागांच्या चमकेवर मर्यादा घातली आणि ती चमक मोजायची पद्धतही ठरवून दिली. क्रोमचे वायपर काळे होऊ लागले त्यामागे हे एक मोठे कारण होते.

मग शर्यतीचे लोक आले. १९७२ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकणाऱ्या लॅन्शिया फुल्वियाचे बॉनेट निस्तेज काळे होते. घाटातल्या उतरत्या उन्हात लकाकते बॉनेट चालकाच्या डोळ्यांत घुसते, हे ज्याने संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून गाडी चालवली आहे त्याला वेगळे सांगायला नको. त्याआधीच, १९६९ साली, फोर्डने मस्टँगच्या 'मॅक १' आणि 'बॉस ३०२' या मॉडेलांवर काळे बॉनेट कारखान्यातूनच दिले होते. तिथे मात्र गरज मागे पडली आणि ऐट पुढे आली. १९७६ ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय क्रोमऐवजी काळ्या कडा मिरवत निघाली. क्रोमचा काळ सरत असल्याची ती खूण होती.

या सगळ्यात आपल्या गाड्या कुठे बसतात? बहुतेक बसतच नाहीत, आणि माझा मुद्दा तोच आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. १९७४ पासून तिचेच नाव पद्मिनी. ती क्रोमची गाडी होती. बंपरला क्रोम, जाळीला क्रोम, अंगावर लकाकता रंग. मुंबईच्या टॅक्सीचा काळासुद्धा तकतकीतच; रोज फडके मारून चालक तो तसा ठेवत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. तिची आठवण म्हणून ठेवलेल्या गाडीला कुणी मस्टँगचे बॉनेट दिले, तर ती ना इथली राहते ना तिथली.

जीपची गोष्ट थोडी वेगळी. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या, आणि लष्कराच्या लिलावातल्या जीपही गावोगाव पोचल्या. लष्कराची म्हणून ती हिरवीच हवी, असा हट्ट धरता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम संरक्षण खात्याखेरीज कुणालाही ऑलिव्ह हिरवा रंग देऊ देत नाही. मग लष्करी रुबाब हवा असलेली मंडळी मॅट काळ्याकडे वळतात. समजण्यासारखे आहे. मात्र आरसी बुकात रंगाची नोंद असते. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओत ती नोंद बदलून घ्या, नाहीतर हौस नाक्यावर महागात पडेल.

आता रंगाकडे. चमक येते ती पृष्ठभाग गुळगुळीत असतो म्हणून. मॅट रंगात सिलिकाची बारीक पूड असते. रंग वाळताना आकसतो, पूड वर डोकावते आणि प्रकाश विखुरतो. एवढे ध्यानात ठेवले की बाकीचे आपोआप कळते. ही पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून डबा तळापासून ढवळायचा, फवाऱ्याच्या गनमध्ये भरतानाही आणि मध्ये थांबून पुन्हाही. नाहीतर बॉनेटचा डावा भाग निस्तेज आणि उजवा लकलकीत. थिनर ओतून चमक मारायच्या फंदात पडू नये, थर कच्चा राहतो. हार्डवेअरच्या दुकानातला फळ्याचा काळा रंग स्वस्त असतो, पण तो शाळेच्या भिंतीसाठी आहे. वऱ्हाडातल्या उन्हात आणि पेट्रोलच्या थेंबांसमोर त्याचा टिकाव लागत नाही. छटा निवडताना अगदी मेलेला काळा टाळून किंचित झाक असलेला, साटीनसारखा घ्यावा. जुन्या कारखान्यांचा 'फ्लॅट' पुष्कळदा याच्याच जवळ असे.

लावायची वेळ निवडणे हे आपल्याकडे निम्मे काम. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात डुको ओल धरतो आणि पांढुरकी झाक येते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम, पण तोच कापसाचा हंगाम! जिनिंगच्या आसपास हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. लकाकत्या रंगावर तंतू बसला तर तो वॉटर पेपरने घासून पॉलिश करता येतो. मॅटवर घासले की तो भाग चमकतो आणि कायमचा वेगळा दिसतो. अख्खा पत्रा पुन्हा मारणे एवढाच उपाय. म्हणून बंद जागा, जमिनीवर पाण्याचा सडा, लांबी-प्रायमर नीट घासलेले, मास्किंग टेपची कड बोटाने दाबलेली, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत हात मारायचा. शेवटचा हात एका दमात. अर्ध्यावर चहाला उठायचे नाही.

दसऱ्याचेही बोलून टाकतो. मॅट बॉनेटवर हळद-कुंकू लावून नारळाचे पाणी शिंपडले की डाग खडबडीत थरात मुरतो. डिझेलच्या फडक्याने पुसले तर तेलकट चट्टे पडतात आणि मेणाने पुसले तर चमक येते. कुंकू काचेला लावा, देव रागावणार नाही.

२०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हीए' नोंदणी आणली. तिची पहिली अपेक्षा अशी की गाडी मूळ रूपात असावी. मूळ रूप म्हणजे नेमके काय, हे सांगायला आपल्याकडे कागद कमी आहेत. जाहिराती, माहितीपत्रके, लग्नात गाडीसमोर काढलेले रंगीत फोटो रद्दीत जात आहेत. तुमच्या गाडीचे काम पेंटरच्या हाती देण्याआधी डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या रबराखाली, नंबरप्लेटच्या आड पाहा. कारखान्याचा रंग तिथे अजून असेल. त्याचा उजेडात फोटो काढा, घरातले जुने फोटो शोधा, आणि मगच ठरवा की काळा कुठे आणि किती. आणि ते फोटो गाडी विकाल तेव्हा नव्या मालकाला कागदपत्रांबरोबर द्या.