आठ तासांचा खोटा हिशेब

आयटीतली पोरं रडकी आहेत, हे मत सध्या फार ऐटीत मांडलं जातं. समाजात मान असलेले, निवृत्त, बऱ्यापैकी वाचलेले एक गृहस्थ परवा एका व्याख्यानात तेच मांडून टाळ्या घेऊन गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: यांना लाखांनी पगार, बसायला एसी, आठवड्याला दोन सुट्ट्या, कामाचे तास आठ, तरी ट्रॅफिकची तक्रार, मॅनेजरची तक्रार, घरभाड्याची तक्रार. आमच्या पिढीने सायकली मारल्या, ओव्हरटाइम केले, पण कधी कुरकुर केली नाही. जमत नसेल तर नोकरी सोडा आणि गावी जाऊन शेती करा.

मी हिंजवडीत नोकरी करते. ही पोरं माझ्या आजूबाजूला बसतात, त्यातल्या काहींना मी काम शिकवलं आहे. म्हणून हे भाषण ऐकून घरी येऊन गप्प बसणं मला शक्य नाही.

आधी पगार. लाखांनी कमावणारे आहेत, नाही कशाला म्हणू? पण कॉलेजातून घाऊक उचललेल्या मुलाचं वार्षिक पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. त्यात कंपनीने भरायचा पीएफचा वाटा धरलेला, पाच वर्षं टिकल्याशिवाय न मिळणारी ग्रॅच्युइटी धरलेली, मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल धरलेला. हातात पडतात महिन्याला पंचवीस हजारांच्या आतबाहेर. वाकडला तिघांच्या खोलीतली एक कॉट आणि दोन वेळचा डबा यांत त्यातले निम्मे जातात. उरलेल्यात शैक्षणिक कर्जाचा हप्ता. लाखांचा पगार तो हाच.

एसीचं तर बोलायलाच नको. चारही बाजूंनी काचेच्या, खिडकी न उघडणाऱ्या इमारतीत एसी बंद पडला तर तासाभरात मजला रिकामा करावा लागतो. ती चैन नव्हे.

ट्रॅफिक ही किरकोळ तक्रार आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळी सहाला फेज तीनहून निघून भूमकर चौक गाठून दाखवावा. हिंजवडीच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं. माण ते शिवाजीनगर, जेमतेम तेवीस किलोमीटरचा मार्ग. २०२५ची मुदतही टळली. २०२५च्या जूनमध्ये एका पावसात इथले रस्ते ओढ्यासारखे वाहिले, बसेस पाण्यात अडकल्या. तक्रार न्यावी तर एमआयडीसी, प्राधिकरण, ग्रामपंचायत, महापालिका यांच्यात हद्दीचा वाद. जाण्यायेण्याचे ते अडीच-तीन तास कोणाच्याही खात्यात लिहिले जात नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा, कारण माझा खरा मुद्दा तिथून सुरू होतो.

गृहस्थ म्हणाले, कामाचे तास आठ. हे आठ तास आले कुठून? टाइमशीटवरून. ही टाइमशीट काय चीज आहे ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दर शुक्रवारी दुपारी मेल येते: टाइमशीट भरा, नाहीतर वरपर्यंत नाव जाईल. उघडलं की आठवड्याचे रकाने, डावीकडे प्रोजेक्टचा कोड. मुलगा आठवडा आठवून पाहतो. सोमवारी सकाळी दहाला आला, क्लायंटचा कॉल संपला रात्री साडेआठला. मंगळवारी रिलीज होतं, घरी जाऊन पुन्हा लॅपटॉप उघडला, एक वाजला. बुधवारी पहाटे सपोर्टचा फोन आला. तो प्रामाणिकपणे अकरा, तेरा, दहा असे आकडे टाकतो. मग एकतर सिस्टीमच आठाच्या वर आकडा घेत नाही, किंवा घेते आणि सोमवारी शीट परत येते. टीम लीड खुर्चीपाशी येऊन हळू आवाजात सांगतो, “अरे, आठच टाक. जास्त टाकलेस तर वरून अप्रूव्हल लागतं.” तो आठ टाकतो. पाचही रकान्यांत आठ. बेरीज चाळीस.

लीड वाईट माणूस नसतो. काम ठरावीक रकमेवर घेतलेलं असतं, त्यात इतके तास असं धरलेलं असतं. जास्त तास दाखवले तर नफ्याचा टक्का खाली येतो आणि वरचा माणूस लीडलाच विचारतो की तुझ्या टीमला काम येत नाही का. तासाच्या दराने बिल लावलेलं असेल, तरी क्लायंटने मंजूर केलेत तेवढेच तास लावता येतात. दोन्हीकडून उत्तर एकच येतं, आठ.

इथवर ही एका माणसाच्या तीन तासांची चोरी आहे. पण पुढचं ऐका. सहा महिन्यांनी तसंच दुसरं काम येतं. त्याचा अंदाज बांधायला बसतात तेव्हा पुढ्यात काय घेतात? मागच्या कामाच्या टाइमशीट. त्या सांगतात, पाच माणसांनी रोज आठ तास काम करून चार महिन्यांत उरकलं. खरं तर ती माणसं रोज अकरा तास बसली होती. पण ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून नवं कामही पाच माणसं आणि चार महिने असंच ठरतं, आणि त्यात वर स्पर्धेपायी थोडी काटछाट होते. नव्या टीमला आता बारा तास बसावं लागतं. तीही आठ लिहिते. खोटा आकडा पुढच्या खोट्या आकड्याचा पाया होतो, आणि दरवर्षी पोरांची संध्याकाळ थोडी थोडी कमी होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि याचा मला मनापासून संताप येतो.

रात्रीच्या कॉलचं आणखी वेगळं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. मार्चमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरमध्ये मागे येतात, आणि त्याबरोबर इथल्या पोरांची जेवायची वेळ सरकते. सकाळी दहाचा स्टँडअप मात्र जागचा हलत नाही. दिवस दोन्ही टोकांना ताणायचा आणि लिहायचे आठ.

आता त्या गृहस्थांच्या ओव्हरटाइमकडे येते. त्यांनी तो केला, याबद्दल मला आदरच आहे. पण तो केला म्हणजे काय झालं होतं? कारखान्याच्या दारात कार्ड पंच होत होतं. भोंगा वाजत होता. १९४८च्या कारखाने कायद्याने दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते आणि त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट मजुरी होती. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या ओव्हरटाइमच्या पैशांवर घरं उभी राहिली, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. त्याच मुलांपैकी कितीतरी जण आज नदी ओलांडून हिंजवडीला येतात आणि बापाला ज्याचे दुप्पट पैसे मिळाले ते फुकट करतात. कुरकुर न करण्याची फुशारकी मारणाऱ्यांनी हेही सांगावं, की तुमच्या कारखान्यात युनियन होती आणि कुरकुर करायचं काम ती तुमच्या वतीने करत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळाली तीही सभा घेऊन आणि अर्ज करून.

आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणजे देश पुढे जाईल, असं २०२३मध्ये एका बड्या उद्योगपतींनी सुचवलं होतं. २०२५मध्ये आणखी एकाने तो आकडा नव्वदवर नेला. तेव्हा दोन्ही बाजूंनी बरीच हमरीतुमरी झाली. माझा त्या वादातला प्रश्न तेव्हाही हाच होता आणि कोणी उत्तर दिलं नाही: सत्तर तासांपैकी टाइमशीटवर किती लिहायचे?

नोकरी सोडा म्हणणं सोपं आहे. नव्वद दिवसांचा नोटिस पीरियड आहे. दुसरी कंपनी तीन महिने थांबत नाही, आणि पहिली त्याआधी सोडत नाही. शेतीत काय परवडतं, ते त्या गृहस्थांनी मराठवाड्यातल्या एखाद्या पोराच्या वडिलांना विचारावं. जमिनीवर भागत नव्हतं म्हणूनच वडिलांनी मुलाला पुण्याला धाडलं.

मग करायचं काय? माझ्याजवळ मोठी योजना नाही. कायदा मात्र आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ही मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट वेतन सांगितलं. २०२५मध्ये मंत्रिमंडळाने नऊचे दहा करायला मंजुरी दिली, तरी दुप्पट वेतनाचं कलम राहिलं. तांत्रिक काम करणारा माणूस या कायद्याने कामगार ठरतो. देखरेख करणाऱ्यांना त्यातून वगळलं आहे, म्हणून दोन वर्षांच्या अनुभवावर पोराला लीडचं बिरूद चिकटवलं जातं, ते तपासलं गेलं पाहिजे. कंपन्यांनी रात्रीचा कॉल कामाच्या तासांत धरावा आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ द्यावं. नोटिस दोन्ही बाजूंना महिनाभराची असावी. यातलं काहीही अशक्य नाही, फक्त हिशेब खरा लागतो.

आणि खरा हिशेब लिहिणं आपल्या हातात आहे. माझ्या क्षेत्रातल्या मुलामुलींना माझी विनंती आहे: येत्या शुक्रवारी शीट भरताना जितके तास बसलात तितके लिहा. एकट्याने लिहू नका, अख्ख्या टीमने मिळून लिहा. शीट परत आली तर खुर्चीपाशी होणाऱ्या कुजबुजीवर ती बदलू नका. का बदलायची ते मेलवर लेखी मागा, आणि ती मेल जपून ठेवा.