बोटींचे फोटो झाले असतील तर जोतिबाच्या डोंगराकडं बघा

जून आला की रबरी बोटींची प्रात्यक्षिकं आणि साहेबांचे फोटो, हे दरवर्षीचंच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण बोट चिखलीच्या नेमक्या कुठल्या गल्लीत पाठवायची, हे सांगणारा फोनच बंद पडला तर? वीज गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली की जनरेटरवर, आणि डिझेल न्यायचा रस्ता पाण्याखाली. २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

"हॅम रेडिओवाले आहेत की" म्हणून हात झटकणाऱ्यांना एवढंच विचारतो, हातातल्या पाच वॅटच्या सेटचा आवाज कुरुंदवाडातून कोल्हापूरच्या नियंत्रण कक्षापर्यंत कसा जाणार? त्या लहरी सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की विषय संपला. त्यासाठी रिपीटर लागतो. उंचावर बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर क्षीण आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सोडतं. म्हणजे जोतिबाचा डोंगर जिथून दिसतो, तिथून साधा सेटही बोलू शकतो. गगनबावडा, आजऱ्याकडच्या दऱ्याखोऱ्यांना दुसरा लागेल, तोही मागूया.

सॅटेलाइट फोनचं उत्तर ठरलेलं असतंय. अहो, फोनवर एकजण एकाशीच बोलतो. रेडिओवर एक बोलला की अख्खं खोरं ऐकतं, दोन बोटी एकाच घराकडं जात नाहीत.

आणि ह्याला 'छंद' म्हणून हसू नका. किल्लारी १९९३, भूज २००१, दोन्हीकडं हॅमवाले कामाला आले. २००४ ला भारती प्रसाद यांचा चमू अंदमानात छंदासाठीच गेला होता. त्सुनामी आली आणि त्यांच्याच सेटवरून निरोप मुख्य भूमीवर गेले. ऑनलाइन स्वस्तातला सेट घेऊन मिरवणाऱ्यांचं मात्र हे काम नव्हे, केंद्राची परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. कॉलेजच्या पोरांना त्या परीक्षेला बसवायला काय अडचण आहे?

२०२१ ला पन्हाळ्याचा रस्ताच खचला. पाणी चढल्यावर डोंगरावर बॅटरी कोण नेणार? सोलर, बॅटऱ्या, अँटेना सगळं मे महिन्यातच वर पोचलं पाहिजे, चाचणी झाली पाहिजे. ह्या खर्चाची ओळ जिल्ह्याच्या पूर आराखड्यात कुठं आहे आणि बॅटरी बदलायची जबाबदारी कुणाची, हे जिल्हा नियोजन समितीत विचारणारा एक तरी सदस्य आहे का? असेल तर खाली टॅग करा.