ओळख आणि वशिला
(द्वितीय वर्ष, कला)

'पदवीनंतर काय?' हा प्रश्न महाविद्यालयात पाऊल टाकल्यापासून आपल्या पाठीस लागलेला असतो. त्याला उत्तर म्हणून व्यवसाय-मार्गदर्शनाची व्याख्याने होतात. बायोडेटा आटोपशीर असावा, मुलाखतीला वेळेआधी पोहोचावे, कपडे नीटनेटके असावेत, न घाबरता बोलावे, असे वक्ते सांगतात. त्यातले काही खोटे नाही. परंतु हा सारा उपदेश मुलाखतीच्या दारापासून पुढचा आहे. ते दार कोणत्या गल्लीत आहे, हे कोण सांगणार?

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. ज्या घरात आजोबांपासून पदवीधर आहेत, तिथे बोलता बोलता मुलांच्या कानांवर पडते की अमुक खात्यात भरती निघणार आहे, तमुक कामाला भाषेचे पदवीधर लागतात. आमच्यासारखी जी मुले-मुली घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आली, त्यांच्या घरी माया असते, कष्ट असतात, अपेक्षाही असतात. ही माहिती मात्र नसते. आम्हांला ठाऊक असलेल्या नोकऱ्या म्हणजे गावात डोळ्यांना दिसणाऱ्या नोकऱ्या : शिक्षक, तलाठी, पोलीस, एस. टी.चा कंडक्टर. न्यायालयात भाषांतरकार असतो, प्रकाशनसंस्थेला मुद्रितशोधक लागतो, पुराभिलेखागारात जुन्या कागदपत्रांचे काम चालते, हे आम्हांला कोणी सांगितलेलेच नसते. मग आम्ही सगळे एकाच दारासमोर रांग लावतो आणि लोक म्हणतात, 'या मुलांना महत्त्वाकांक्षा नाही!' हा अन्याय आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षित नोकरदारांकडे चौकशी केली. त्यांचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्यांनी विचारले, 'ज्याच्यामुळे नोकरी मिळाली, तो माणूस त्या काळात तुम्हांला कितीदा भेटत असे?' वारंवार, असे फक्त ९ जणांनी सांगितले. ३० जण म्हणाले, अधूनमधून. १५ जण म्हणाले, क्वचितच. कारण सरळ आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळातला असतो. आपल्याला जे ठाऊक, तेच त्याला ठाऊक. नवी बातमी येते ती जरा दूरच्या माणसाकडून. आमच्या घरांना नेमकी ही दूरची माणसेच कमी असतात.

यावर कोणी म्हणेल, 'मग हे वशिल्याचेच गोंडस नाव झाले!' आक्षेप रास्त आहे आणि त्याला आपल्याच इतिहासात आधार आहे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला माणूस आधी गाववाल्यांच्या खोलीवर उतरे आणि त्यांच्याच ओळखीने जॉबरपर्यंत पोहोचे. ही ओळख नसती, तर हजारो घरांची चूल पेटली नसती. पण कामावर घेणे-काढणे जॉबरच्या हाती होते, म्हणून त्याचे हात ओले करावे लागत. जॉबरच्या या सत्तेला आळा बसावा म्हणून १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत सुरू करावी लागली. म्हणजे ओळखीने बातमी कळली तोवर ठीक होते. निवडही ओळखीवर होऊ लागली तेव्हा तिचा वशिला झाला. ओळख दार दाखवते. वशिला एकाला आत घेताना दुसऱ्याच्या तोंडावर दार लावतो. या दोहोंत फरक आहे आणि तो आपण सोडता कामा नये.

केवळ नाव नोंदवून भागत नाही, हेही लक्षात घ्यावे. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळवण्याचे बंधन घातले. पण त्या कार्यालयामार्फतच माणूस घ्यावा, असे बंधन घातले नाही. म्हणून नाव नोंदवावे, जाहिराती पाहाव्यात, आणि त्याखेरीज माणसांनाही भेटावे.

कसे भेटावे? सॅन फ्रान्सिस्कोतील रिचर्ड बोल्स या धर्मोपदेशकाची १९६८ मध्ये नोकरी गेली. आपल्यासारख्याच नोकरी गमावणाऱ्या धर्मोपदेशकांसाठी त्यांनी १९७० मध्ये स्वतः एक पुस्तक छापले. 'व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?' हे त्याचे नाव. पुढे ते जगभर गेले. त्यातला मला पटलेला सल्ला असा की, नोकरी मागण्याआधी माहिती मागावी. ते काम करणाऱ्या माणसाकडे जाऊन विचारावे : दिवसभर काय काम असते? ते कसे शिकलात? जागा निघाल्याचे कुठे कळते? आणखी कोणाला भेटू? 'नोकरी द्या' म्हटले की समोरचा अवघडतो; 'तुमचे काम समजावून सांगा' म्हटले की सहसा खुलतो. आणि आपल्यालाही लाचार व्हावे लागत नाही.

परंतु ज्याच्या ओळखी नाहीत त्याला 'ओळखी वाढव' असे सांगणे म्हणजे विहिरीला पाणी नाही त्याला 'पाणी शेंद' म्हणण्यासारखे आहे. म्हणून ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नव्हे, महाविद्यालयाचीही आहे. माझी सूचना साधी आहे. माजी विद्यार्थ्यांची एक वही ग्रंथालयात ठेवावी. त्यांच्या संमतीने नाव, पदवीचे वर्ष, विषय आणि सध्याचे काम एवढेच त्यात लिहावे. द्वितीय वर्षाच्या प्रत्येकाने वर्षभरात निदान एका माजी विद्यार्थ्याला भेटून त्या कामाविषयी दोन पाने लिहावीत आणि ती पाने पुढच्या तुकडीसाठी तिथेच राहावीत. याला इमारत नको, अनुदान नको; एक वही आणि थोडी चिकाटी हवी.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्याला कोणाची मेहेरबानी नको. परीक्षा, मुलाखत, निवड सगळ्यांची सारखीच व्हावी. फक्त ती कुठे होणार आहे, हे सर्वांना वेळेवर कळावे. आणि आपल्यापैकी जो कोणी पुढे कुठे पोहोचेल, त्याने त्या वहीत आपले नाव लिहायला विसरू नये.