उशाशी थर्मामीटर

वाचकहो, गेले दोन महिने हे सदर आमच्याकडून लिहून झाले नाही. सौ.च्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी चालू आहे. दर एकवीस दिवसांनी शिरेवाटे औषध. जन्म इंदूरच्या पोह्यांवर गेलेला, पण आता फोडणीचा वासही तिला सोसवेना. तेव्हा शाळेत मुलांना धाक घालणारे आम्ही मुगाचे कढण करावयास शिकलो. (पहिले करपले.)

घोडचूक मात्र निराळीच घडली. औषधानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटतात. त्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोहोचला, तर मध्यरात्रही न पाहता रुग्णालय गाठावे, असे डॉक्टरांनी बजावले होते. दहाव्या रात्री सौ.ला हुडहुडी भरली.

"अहो, उद्या तुमच्याकडे तपासणी आहे ना? निजा. गोळी घेतली आहे मी."

आणि आम्ही, खरे सांगावयाचे तर, सुटल्यासारखे निजलो! गोळीने ताप दबतो, जंतुसंसर्ग नव्हे, हे ठाऊक असूनही. पहाटे ताप १०२. पाच दिवस रुग्णालयात प्रतिजैविके द्यावी लागली. डॉक्टरीणबाईंनी एवढेच विचारले, "रात्री ताप मोजला होता?" आम्ही मान खाली घातली.

हल्ली थर्मामीटर आमच्या उशाशी असतो. कसे वाटते, हे तिला विचारतो. आकडा मात्र स्वतः वाचून वहीत मांडतो.

"हजेरी घेता का?" ती विचारते.