चिमी तीन पायांवर

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात मी तुम्हाला कुरडया आणि सरगुंड्यांबद्दल लिहीन असे कबूल केले होते. ते राहू द्या. आज आमच्या चिमीबद्दल लिहिते. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी मांजर असेल, आणि माझ्यावर आली तशी वेळ तुमच्यावर आली तर निदान चार गोष्टी आधी ठाऊक असाव्यात, म्हणून.

चिमी आमची साडेतीन वर्षांची मांजर. रंगाने राखाडी-पांढरी आणि स्वभावाने थेट मोठ्या जावेसारखी. सगळ्यांवर नजर, काम मात्र कवडीचे नाही!

मी दारव्ह्याला एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. जानेवारीतली थंडीची सकाळ. पहिला तास साडेसातचा, डबे भरून व्हायचेच होते. त्या गडबडीत ओसरीतली स्कूटी स्टँडवरून ढकलली. मागच्या चाकाशी चिमी झोपली होती, ती मी पाहिली नाही. चूक दुसऱ्या कोणाची नाही, माझीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे सगळे निर्णय त्या अपराधाच्या ओझ्याखाली घेतलेले आहेत.

ती किंचाळत दिवाणाखाली शिरली. मी हात घालून ओढायला गेले तर कडकडून चावली. पहिला धडा इथेच. दुखावलेले जनावर मालकीण ओळखत नाही. जाड टॉवेल किंवा जुनी सतरंजी अंगावर टाकावी, अलगद गुंडाळावे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवे ठेवावे. पाय ओढून सरळ करू नये, काड्या बांधू नयेत. जखमेत हळद, तेल, चुना काही भरू नये. स्वच्छ कापड ठेवून तडक डॉक्टर गाठावा. आणि मांजर चावले, ओरखडले तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवावे. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. "घरचंच मांजर आहे, काही होत नाही" असे म्हणू नका. मीही इंजेक्शने घेतली.

दुसरे त्याहून महत्त्वाचे. सासूबाई मायेपोटी म्हणाल्या, "दुखत असेल गं तिला, तापाची अर्धी गोळी दुधातून दे." बरे झाले, मी दिली नाही. आपल्याला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विषासारखी आहे. तिच्या यकृताला ती पचवता येत नाही आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच जाते. अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. माणसांच्या कुठल्याच वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल, म्हशी आणि शेळ्यांची रांग होती. त्यात मी खोके घेऊन उभी. कोणी हसले, कोणी जागा दिली. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिले आणि स्पष्टच म्हणाले, "हाड बाहेर आलंय ताई. हे काम इथलं नाही." यवतमाळला हाडाचा फोटो काढला. मांडीचे हाड तीन ठिकाणी तुटलेले. मला वाटत होते, प्लास्टर घालतील. पण खालच्या पायाला प्लास्टर बसते, मांडीला ते नीट धरत नाही. तिथे सळई, पट्टी, म्हणजे शस्त्रक्रियाच. ती नागपूरला.

कळंबवरून बस गेली तेव्हा चिंतामणीला हात जोडले. मांडीवर खोके, खोक्यात ती मुकाट. नागपूरच्या खासगी डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. पट्टी आणि स्क्रू घालून हाड जोडायचे तर पस्तीस हजार. जखम उघडी राहिल्याने हाडात पू होण्याची भीती होती आणि तसे झाले तर पुन्हा शस्त्रक्रिया. नाहीतर पाय मांडीपासून काढायचा, बारा हजार.

घरी माझ्या नावाचे भिशीचे वीस हजार होते. स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलायला ठेवलेले. ह्यांचे कृषी केंद्रातले हिशेबाचे काम, त्यात यंदा कापसाने कोणाचेच भले केलेले नाही. फोनवर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भिशीच्या वर जाऊ नको. कर्ज काढून नको." चौथीतली लेक मागून रडत होती, "आई, तिचा पाय कापू नको."

मी पाय काढायला सांगितला.

मागाहून लोक म्हणाले, तोच योग्य निर्णय होता. असेलही. डॉक्टरांचे म्हणणे असे, की मांजर अंगाने हलकी आणि तोल सांभाळण्यात हुशार. मागचा एक पाय नसला तरी ती चालते, धावते, माजघरातल्या कपाटावर चढते. आपल्याला जे लुळेपण वाटते ते तिच्या मनात नसते. पण तुमच्याशी खोटे कशाला बोलू? जवळ पस्तीस हजार असते तर मी कदाचित दुसरा रस्ता धरला असता. पैसे मोजून निर्णय घेतला याची मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. सगळ्याच घरांत निर्णय पैसे मोजूनच घ्यावे लागतात, फक्त ते मोकळेपणाने मोजावेत.

एक चुटपूट मात्र राहिली. मी एकाच ठिकाणी विचारले. नागपुरात १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावरांचा दवाखाना आहे. अशी महाविद्यालये मुंबई, अकोला, परभणी, उदगीर आणि शिरवळलाही आहेत. तिथला खर्च खासगीपेक्षा सहसा कमी असतो. घाबऱ्या मनाला हे सुचत नाही, म्हणून आजच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि डॉक्टरांना तीन प्रश्न न लाजता विचारा. एकूण खर्च किती, त्यात नंतरची औषधे आणि तपासण्या धरल्या आहेत का? याहून कमी खर्चाचा रस्ता कोणता? तो घेतला तर जनावराला त्रास किती?

एका शेजारणीने चौथाही रस्ता सुचवला होता, पोत्यात घालून बाजारात सोडून देण्याचा. पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते करवले नसते.

घरी आणल्यावरची पथ्ये थोडक्यात सांगते. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, गळ्यातली कॉलर काढायची नाही. ती केविलवाणी बघते, तरी नाही. नाहीतर टाके चाटून उकलते. विधीसाठी माती किंवा राख ठेवू नका, जखमेत जाते. रद्दी पेपर फाडून उथळ परातीत घाला. गुळगुळीत फरशीवर ती घसरते म्हणून गोणपाट अंथरा. फरशी फिनाईलने पुसू नका. मांजर पंजे चाटते आणि ते पोटात जाते. दोन दिवस काही खाल्ले नाही तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, कारण उपासाने मांजरीचे यकृत बिघडते. आणि पुढे लाडाने वजन वाढू देऊ नका. चार पायांचा भार आता तीन पायांवर आहे.

आता एक गोष्ट राहिली. ती लिहावी की नाही, असा दोन दिवस विचार केला.

आमच्याकडे भांड्याला मावशी येतात. पंधरा वर्षांपूर्वी कापूस वेचताना बांधावरून पडल्या, पाय मोडला. गावातल्या हाडवैदाने बांधून दिला. तेव्हापासून लंगडतात. चिमीला घेऊन आले त्या संध्याकाळी त्यांनी विचारले, "किती लागले बाई?" मी म्हटले, "पाच हजार." त्या म्हणाल्या, "लय झाले." आणि भांडी घासू लागल्या.

रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी खरा आकडा सांगितला. जाण्यायेण्यासकट साडेतेरा हजार. मावशींनी हातातला पातेल्याचा काळा तळ घासून पुरा केला. मग म्हणाल्या, "माह्या पायाले तवा घरी दोनशे रुपये नोते." थोडा वेळ गेला. चिमी गोणपाटावर तोल सावरत उभी राहायला बघत होती. तिच्याकडे पाहून विचारले, "इचा आता दुखत त नाई न? माहा अजूनबी दुखते."

एवढी वर्षे त्या माझ्या डोळ्यांदेखत लंगडत होत्या. दुखते का, हे मी एकदाही विचारले नव्हते.

पुढच्या सोमवारी शाळेत रजा टाकली आणि मावशींना घेऊन यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या विभागात गेले. फोटो निघाला. हाड वाकडे जुळलेले आहे, इतक्या वर्षांनी ते सरळ करण्यात अर्थ नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण गुडघ्याचे व्यायाम शिकवले आणि एका बुटाला उंच टाच लावायला सांगितली. दारव्ह्याच्या चांभाराने दीडशे रुपयांत लावून दिली. मावशी म्हणतात, कमरेला आराम आहे. लंगडणे तसेच आहे.

पत्रे यंदा बदलणार नाहीत. पावसाळ्यात ओट्यावर पातेली मांडू. चिमी परवा पहिल्यांदा खिडकीच्या कट्ट्यावर चढली. लेकीने टाळ्या वाजवल्या, मावशीही बघायला आल्या.

स्कूटी काढताना मी आता आधी खाली वाकून बघते. तुम्हीही बघत जा. थंडीत तर नक्कीच.

कुरडया पुढच्या आठवड्यात. गहू तीन दिवस भिजवायचे आहेत, तेवढे आजच निवडून ठेवा.